घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारसाठी सहा एलईडी इशारा-दिव्यांचा संच: घेण्याआधी आणि बसवण्याआधी

बारा व्होल्टच्या सहा एलईडी इशारा-दिव्यांचा जो बिनछापाचा संच सध्या ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळतो, तो घरी बांधलेल्या मोटारीसाठी घ्यावा का, असे मला बऱ्याच जणांनी विचारले आहे. माझे उत्तर असे, की सहापैकी चार जागांसाठी तो थोड्याफार सोपस्कारांसह खुशाल घ्यावा, पाचव्या जागेसाठी दोन डायोडची (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या भागांची) तजवीज ठेवावी आणि बॅटरी चार्जिंगच्या जागी मात्र तो लावूच नये. संचासोबत येणाऱ्या कागदावर 'जुना बल्ब काढा, हा दिवा लावा' एवढेच लिहिलेले आहे, आणि माझी खरी तक्रार दिव्यांविषयी नसून या कागदाविषयी आहे. हे दिवे बेळगावात ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आम्ही बसवून घेतले, त्याच्या कामाविषयीही पुढे लिहिले आहे; त्याच्या दुकानाला पाटी नाही, आणि आधीच हातात मावेना इतके काम असल्याने नाव कुठे छापू नका, असे त्यानेच बजावले आहे.

मोटारीविषयी थोडक्यात सांगतो. ती लोटस सेव्हनच्या धर्तीवर बांधलेली आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली ही दोन आसनांची उघडी गाडी १९७३ पासून केटरहॅम कंपनीकडे गेली. चौकोनी नळ्यांची चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फायबरचे नाक व मडगार्ड, अशी तिची रचना इतकी सुटसुटीत आहे, की जगभरचे हौशी लोक तिच्या प्रतिकृती घरच्या घरी बांधत असतात. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत नळ्या कापण्यापासून वेल्डिंग, लेझर कटिंग, मशिनिंग आणि पावडर कोटिंगपर्यंत सगळी कामे हाकेच्या अंतरावर होत असल्यामुळे आम्हाला सांगाड्यासाठी शहराबाहेर जावे लागले नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स लिलावातून घेतलेल्या मारुती जिप्सी किंगचे आहेत. १.३ लिटरचे, कार्बोरेटरचे हे इंजिन आहे, आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस (इंजिनाची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून स्वतंत्र असल्याने तो बाजूला काढून मागच्या चाकांना सरळ शाफ्ट देता येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नव्या वाहनाचा नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो आणि ते काम घरी एकच गाडी बांधणाऱ्याच्या आवाक्यातले नाही. म्हणून आमची मोटार सार्वजनिक रस्त्यावर येत नाही, ती कारखान्याच्या आवारात आणि खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला असलेल्या नातेवाइकांच्या शेतातील खासगी वाटेवर चालते. रस्त्यावर जायचेच नाही तर दिव्यांची एवढी उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु तेलाचा दाब गेला की इंजिनाची बेअरिंगे काही सेकंदांत खराब होतात, आणि ती शेतातल्या वाटेवरही तेवढ्याच वेगाने होतात.

संचात तेलाचा दाब, चार्जिंग आणि ब्रेक यांसाठी तीन लाल, इंधनासाठी एक पिवळा, इंडिकेटरसाठी दोन बाणांचा एक हिरवा आणि हेडलाइटच्या अपरसाठी एक निळा, असे सहा दिवे असतात. रंगांची ही वाटणी योग्य आहे. अपरचा दिवा निळाच आणि इंडिकेटरचा हिरवाच असावा, हा संकेत जगभर पाळला जातो, आणि काचेवर कोरलेली चिन्हेही आयएसओ २५७५ या मानकातील चिन्हांशी जुळतात. बाहेरचे कडे आणि आटे असलेले नळकांडे स्टीलचे असून त्यांची घडाई या किमतीच्या मानाने चांगली आहे. कड्याखाली रबराची रिंग आहे, त्यामुळे पुढून पडणारे पाणी आत जात नाही. मागची बाजू मात्र तितकी विश्वासार्ह नाही: वायर जिथून आत शिरते तिथे राळ भरलेली असायला हवी, पण आमच्या संचातील दोन दिव्यांत ती अर्धवटच भरलेली होती आणि वायर हलवली की आतला जोड हलताना दिसत होता. खोक्यावर 'आयपी ६७', म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याची ग्वाही, असे ठळक छापलेले आहे; पुढच्या बाजूपुरते ते मान्य करता येईल, पण मागून एपॉक्सीचा एक थेंब सोडल्याशिवाय एकही दिवा बसवू नये. दिव्याला जोडून आलेल्या वायरी वीतभर लांबीच्या आणि फार बारीक आहेत, आणि त्यांच्यावरचे आवरण बोनेटच्या उष्णतेत टिकेल असे वाटत नाही. डॅशच्या मागेच त्यांना ०.५ चौरस मिलिमीटरची ऑटो केबल जोडून घेणे बरे.

बसवण्यासाठी ८ मिलिमीटरचे भोक सांगितले आहे आणि ते माप बरोबर आहे. आमचा डॅश २ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा असून त्यातील भोके लेझरने कापून घेतली होती. पावडर कोटिंगनंतर भोकाच्या कडेवर रंगाचा थर चढतो आणि दिवा आत जाईनासा होतो, म्हणून भोक ८.३ ठेवावे किंवा कोटिंगच्या वेळी त्यात सिलिकॉनची बुचे घालण्यास सांगावे. मागची नट पातळ आहे. उघड्या गाडीत आणि विशेषतः खडबडीत वाटेवर ती सैल होते, त्यामुळे तिच्याखाली दातेरी वॉशर हवाच, आणि तो संचात दिलेला नाही. डॅश गाडीवर चढवल्यानंतर या नटीपर्यंत बोट पोहोचत नाही. सगळे दिवे टेबलावरच कसून घ्यावेत.

जी गोष्ट कारखान्यात बनलेल्या मोटारीत कुणाच्या लक्षातही येत नाही आणि प्रतिकृतीत पहिल्याच दिवशी पुढ्यात उभी राहते, ती म्हणजे अर्थिंग. साध्या मोटारीचे शरीर लोखंडी असते आणि तेच बॅटरीच्या ऋण टोकाची परतीची वाट असते. आमच्या गाडीत मात्र ॲल्युमिनियमचा डॅश फायबरच्या काउलवर बसतो, फायबरमधून वीज वाहत नाही आणि खालची चौकट पावडर कोटिंगने झाकलेली आहे. म्हणजे डॅश लोखंडी चौकटीपासून सर्वस्वी तुटलेला असतो. अशा गाडीत दिव्याचे नळकांडे पत्र्याला टेकले म्हणून अर्थिंग मिळाले, असे समजून चालत नाही. इलेक्ट्रिशियनने चौकटीवर एका जागी रंग खरवडून ६ मिलिमीटरचा स्टड वेल्ड करून घेतला, त्यावर डॅशसाठी स्वतंत्र काळी वायर आणली आणि स्टडवर ग्रीस फासले. इंडिकेटर आणि अपर हे दोनच दिवे अर्थिंगवर अवलंबून आहेत. बाकीच्या दिव्यांना प्रज्वलन-चावीतून धन टोक मिळते आणि त्यांचे ऋण टोक त्या त्या स्विचमधून (चार्जिंगच्या दिव्याचे आल्टरनेटरमधून) इंजिनाच्या किंवा चौकटीच्या धातूवर उतरते. हा फरक समजून वायरी ओढल्या तर निम्मा गोंधळ आधीच संपतो.

आता चार्जिंगच्या दिव्याकडे येतो, कारण या संचाचे सगळे अपयश त्या एका जागी साठलेले आहे. १९५७ च्या त्या मूळ गाड्यांत डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज बनवणारे जुने यंत्र) असे, आणि डायनॅमो आपल्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर स्वतःच उभा राहत असे. तिथे चार्जिंगचा दिवा नुसता दिवा होता आणि तो फ्यूज झाला तरी चार्जिंगला बाधा येत नसे. त्याची जागा पुढे ज्याने घेतली, त्या आल्टरनेटरचे तसे नाही. आमच्या इंजिनावर जुन्या नऊ डायोडच्या पद्धतीचा आल्टरनेटर आहे, कारण तो इथे कुठेही दुरुस्त करून मिळतो. त्याच्या फिरत्या गुंडाळीला सुरुवातीचा प्रवाह बॅटरीपासून चावी, चावीपासून दिवा आणि दिव्यापासून 'डी प्लस' हे टोक, अशा वाटेने मिळतो. इंजिन फिरू लागले की आतले तीन छोटे डायोड त्याच टोकाला बॅटरीएवढा दाब पुरवतात, दिव्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा नुसता खबर देणारा नाही, तो आल्टरनेटरला जागे करणाऱ्या वाटेवरच बसलेला आहे. १२ व्होल्ट २ वॅटच्या बल्बमधून सुमारे १७० मिलिअँपिअर प्रवाह जातो. या संचातील लाल एलईडीतून जेमतेम १५. एवढ्याशा प्रवाहाने गुंडाळीत पुरेसे चुंबकत्व निर्माण होत नाही.

हे इलेक्ट्रिशियनने गाडीवर करून पाहण्याऐवजी आल्टरनेटर आपल्या टेस्ट बेंचवर चढवून आमच्यासमोर दाखवले, आणि त्याच्या कामातील मला सर्वांत आवडलेला भाग तोच होता. एलईडी जोडून बेंचची मोटर आयडलच्या वेगाने फिरवली तेव्हा लाल दिवा तसाच ठणठणीत पेटलेला राहिला आणि मीटरवर १२.४ व्होल्टच्या पुढे आकडा सरकेना. त्याने वेग वाढवला, तशी एका क्षणी दिव्याने मान टाकली आणि आकडा १४ च्या वर गेला. वेग पुन्हा खाली आणला तरी तो तिथेच राहिला. मग मोटर बंद करून त्याने एलईडीच्या जागी ट्रॅक्टरच्या डॅशचा साधा बल्ब क्रोकोडाइल क्लिपने अडकवला आणि पुन्हा आयडलवरच सुरुवात केली, तर पट्टा पुरता वेग घेण्याआधीच १४.१ व्होल्ट दिसू लागले. "दिवा लहान असला म्हणून काय झालं मालक, डायनॅमोची चावी तेच्यातच हाय," असे तो म्हणाला; आल्टरनेटरलाही तो डायनॅमोच म्हणतो. घरी बांधलेल्या गाडीत चालक सुरू करताच ॲक्सिलरेटर एकदा दाबतोच, त्यामुळे हा दोष महिनोन्महिने लपून राहू शकतो, आणि मग एखाद्या दिवशी गाडी आयडलवर उभी ठेवून दिवे व पंखा चालू असताना बॅटरी उतरते व दोष बिचाऱ्या बॅटरीवर जातो.

यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे एलईडीला समांतर ८२ ओहम, ५ वॅटचा सिमेंटचा पांढरा रेझिस्टर जोडणे. गणिताने तो बरोबर आहे: बारा व्होल्टला त्यातून सुमारे १४६ मिलिअँपिअर जातात, बल्बची उणीव भरून निघते आणि इंजिन चालू झाल्यावर त्यातून काहीच वाहत नाही. तरीही मी या जागी बल्बच ठेवावा, असे म्हणतो, आणि त्याचे कारण वेगळे आहे. आल्टरनेटरमधील एखादा डायोड गेला, की दिव्याच्या दोन बाजूंत थोडासा, व्होल्टभराच्या आसपासचा फरक उरतो आणि बल्ब अंधारात अगदी मंद, तांबूस दिसू लागतो. जुने मेकॅनिक या मंद उजेडावरूनच आल्टरनेटर खोलायला सांगतात. लाल एलईडी पावणेदोन व्होल्टच्या आत उजळतच नाही. म्हणजे रेझिस्टर लावून चार्जिंग सुरू झाले तरी रोगाची पहिली चाहूल देणारी सोय आपण काढून टाकलेली असते. ज्या आल्टरनेटरला चावीची वेगळी वायर थेट रेग्युलेटरपर्यंत येते, त्यात प्रवाहाचा प्रश्न एवढा तीव्र नसतो. परंतु मंद उजेडाचा मुद्दा तिथेही तसाच राहतो.

हा बल्ब आणि त्याचा होल्डर शोधायला लांब जावे लागत नाही. चिकोडी, रायबाग, अथणीपासून खानापूरपर्यंत ज्या ज्या गावात उसाचे ट्रॅक्टर फिरतात, तिथल्या स्पेअरच्या दुकानात लाल काचेचा, क्रोमच्या कड्याचा डॅशचा दिवा चहा-नाश्त्याच्या खर्चात मिळतो आणि त्याचा बल्ब पुढूनच फिरवून काढता येतो. त्याचे भोक एलईडीच्या दुप्पट मापाचे लागते, त्यामुळे डॅशवर पाच बारीक दिवे आणि एक ठसठशीत, अशी मांडणी होते. आमच्या पुतण्याला ती आवडली नाही. मला आवडली, कारण चार्जिंगचा लाल दिवा पेटला तर तो चिन्ह न वाचताच ओळखू येतो.

इंडिकेटरच्या हिरव्या दिव्याची अडचण सोपी आहे, पण कागदावर तिचाही उल्लेख नाही. डॅशवर डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच दिवा असेल, तर जुन्या पद्धतीत त्याचे एक टोक डाव्या बाजूच्या वायरला आणि दुसरे उजव्या बाजूच्या वायरला जोडतात. डावा इंडिकेटर लागला की प्रवाह दिव्यातून जाऊन उजव्या बाजूच्या २१ वॅटच्या बल्बांतून अर्थ होतो, आणि ते बल्ब एवढ्याशा प्रवाहाने पेटत नाहीत. बल्बला दिशा नसते म्हणून हे चालते. एलईडीला दिशा असते म्हणून तो एकाच बाजूला लुकलुकतो आणि दुसऱ्या बाजूला गप्प बसतो. दोन्ही बाजूंच्या वायरींतून १एन४००७ जातीचा एकेक डायोड घेऊन दोन्ही दिव्याच्या धन टोकावर आणावेत आणि ऋण टोक सरळ अर्थ करावे, म्हणजे प्रश्न मिटतो. या रचनेचा एक फायदा असा, की चारही इंडिकेटर एकदम लावले तेव्हाही हिरवा दिवा लुकलुकतो. जुन्या जोडणीत दोन्ही टोकांना सारखाच दाब आल्याने तो त्या वेळी विझलेला राहत असे. डायोड दोन-चार रुपयांना मिळतो. विक्रेत्याने ते दोन डायोड आणि चार ओळींची एक आकृती खोक्यात घातली असती, तर या संचाला मी बिनतक्रार शिफारस दिली असती.

तेलाच्या दाबाचा दिवा थेट जोडला तरी काम करतो, आणि चांगले करतो. तेलाचा स्विच दाब नसताना जोडलेला असतो, म्हणजे दिवा पेटलेला राहतो, आणि साधारण ०.३ ते ०.५ बारच्या आसपास तो तुटतो. गरम इंजिन आयडलवर असताना दाब या मर्यादेजवळ घुटमळू लागला, तर बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेते व ती लुकलुक दिसत नाही. एलईडी मात्र तत्काळ पेटतो व विझतो, त्यामुळे दाबातली क्षणिक घसरणसुद्धा नजरेस येते. मला हा गुण वाटतो, पण ज्याला आयडलवरची ती लुकलुक पाहून घाबरायला होईल, त्याने दाबाचा काटाही सोबत लावावा. काटा आणि दिवा दोन्ही हवे असतील तर इंजिनाच्या ब्लॉकवर टी जोड बसवावा लागतो, आणि तिथे आट्यांकडे नीट पाहावे: जपानी बनावटीच्या इंजिनांत एक अष्टमांश इंच मापाचे बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे) आटे असतात, इंचाला २८; बाजारात मिळणारे पुष्कळसे सेन्सर त्याच मापाच्या एनपीटी (अमेरिकी पद्धतीच्या) आट्यांचे, म्हणजे इंचाला २७ आट्यांचे असतात. पहिले दोन-तीन फेरे ते हातानेही घट्ट बसल्यासारखे वाटतात आणि नंतर पान्याने ब्लॉकचे आटे खातात.

या जागचा एक दोष पावसाळ्यात कळतो. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस कसा पडतो, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. चिखलाचे पाणी तेलाच्या स्विचच्या टोपीखाली शिरले, की ओल्या घाणीतून एखादा मिलिअँपिअर प्रवाह गळू लागतो. बल्बला तेवढ्याचा पत्ताही लागत नाही, एलईडी मात्र भुतासारखा मंद पेटून राहतो आणि खरोखरच दाब गेला आहे की काय, अशी शंका निर्माण होते. दिव्याच्या दोन टोकांना समांतर ४७० ओहम, १ वॅटचा रेझिस्टर लावला की ही गळती त्यातून निघून जाते आणि दिवा खरोखर स्विच जोडला गेल्याशिवाय उजळत नाही. इलेक्ट्रिशियनने तो लावून श्रिंक स्लीव्हमध्ये बंद केला. शिवाय स्विचवर रबरी टोपी चढवली, जी एरवी मूळ जिप्सीत असतेच आणि लिलावातल्या गाडीत हमखास गहाळ झालेली असते.

ब्रेकच्या दिव्यात काही अडत नाही. हँडब्रेकचा स्विच आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातील तरंगता स्विच, दोन्ही अर्थ देणारेच असल्याने त्यांच्या वायरी एकत्र करून दिव्याच्या ऋण टोकाला जोडल्या की झाले, आणि चावी फिरवल्यावर हँडब्रेक ओढलेला असल्याने दिवा शाबूत आहे की नाही हे आपोआप तपासले जाते. इंधनाच्या पिवळ्या दिव्याची अशी आपोआप तपासणी होत नाही. त्यासाठी एक छोटे दाबायचे बटण ठेवावे. तसेच टाकीतला सेन्सर कोणत्या जातीचा आहे, ते आधी पाहावे. आमच्या टाकीत तरंगत्या दांडीला साधा संपर्क-स्विच आहे, तिथे एलईडी ठीक चालतो. पण पुष्कळ गाड्यांच्या टाकीत थर्मिस्टर (तापला की जास्त प्रवाह जाऊ देणारा भाग) असतो, तो पेट्रोलबाहेर उघडा पडला की बल्बमधून येणाऱ्या प्रवाहानेच तापतो आणि तापल्यावर दिवा लावतो. एलईडीच्या प्रवाहाने तो तापणारच नाही, आणि टाकी कोरडी झाली तरी दिवा लागणार नाही.

निळा दिवा हा या संचातला सर्वांत त्रासदायक दिवा आहे. रात्री तो थेट डोळ्यांत घुसतो, आणि सेव्हनसारख्या गाडीत डॅश हनुवटीपासून हातभर अंतरावर असल्याने समोरच्या वाटेकडे पाहणे अवघड होते. त्याच्या वायरमध्ये २.२ किलोओहमचा एक रेझिस्टर एकसर जोडल्यावर तो सुसह्य झाला. लाल दिव्यांची स्थिती उलट आहे: एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या गाडीत ऊन सरळ डॅशवर पडते, तेव्हा दिवा पेटल्याचे कळते, पण कोरलेले चिन्ह अजिबात वाचता येत नाही, आणि बाजूने पाहिले तर उजेडही कमी दिसतो. दिव्यांच्या ओळीवर दोन बोटे रुंदीची पत्र्याची झापड लावली आणि डॅशला डोळ्यांच्या दिशेने किंचित कल दिला, तर हा दोष बराच कमी होतो. उद्यमबागेत कंट्रोल पॅनलसाठी मिळणारे २२.५ मिलिमीटरचे दिवे उन्हात जास्त स्पष्ट दिसतात, हे खरे. पण ते आकाराने अवजड असतात, बहुतेक २४ व्होल्टचे किंवा घरगुती विजेवरचे असतात, आणि स्पोर्ट्स कारच्या डॅशवर पिठाच्या गिरणीचे स्विचबोर्ड बसवल्यासारखे दिसतात.

इलेक्ट्रिशियनच्या कामाविषयी दोन गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात. पहिली म्हणजे त्याची वायरिंगची शिस्त. पूर्वी कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात काम केल्यामुळे तो प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना आकड्यांचे पिवळे फेरूल चढवतो, लग दाताने किंवा पकडीने न चेपता खऱ्या क्रिंपिंग टूलने चेपतो, आणि चेपल्यावर प्रत्येक वायर एकदा ओढून पाहतो. सगळ्या दिव्यांच्या वायरी त्याने एका बहुपिनी कनेक्टरवर आणल्या, त्यामुळे चार स्क्रू आणि एक कनेक्टर काढला की आख्खा डॅश हातात येतो. पत्र्यातून वायरी जिथे आत जातात तिथे रबरी ग्रोमेट घातले. दिव्यांच्या ओळीला ५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज दिला आणि अपरच्या वायरवरून घेतलेल्या फाट्याला वेगळा छोटा फ्यूज दिला, म्हणजे डॅशमागे वायर शॉर्ट झाली तरी हेडलाइट जाणार नाही. हे काम मी मुंबई-पुण्यातील मोठ्या नावाच्या गॅरेजांतही एवढ्या निगुतीने झालेले पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट तक्रारीची आहे. दिलेल्या वेळेला तो कधीच भेटत नाही, गिऱ्हाइकाने काम चालू असताना समोर बसून राहावे अशी त्याची अपेक्षा असते, आणि वायरिंगची आकृती तो कागदावर काढून देत नाही; सगळे त्याच्या डोक्यात असते आणि 'आकडे बघून कुणालाही कळतंय' एवढेच उत्तर मिळते. घरी बांधलेल्या मोटारीला कोणत्याही कंपनीचे मॅन्युअल नसते, त्यामुळे ही आकृती हीच त्या गाडीची एकमेव नोंद असते. मजुरी ठरवतानाच आकृतीसह किती आणि आकृतीविना किती, असे स्पष्ट बोलून घ्यावे. मजुरी संचाच्या किमतीच्या कितीतरी पट झाली, पण कामाचा दर्जा पाहता ती मला जास्त वाटली नाही.

खरेदीच्या बाबतीत शेवटचा मुद्दा असा, की हे दिवे सुटे मिळत नाहीत; निळा गेला तर पुन्हा सहांचा संच घ्यावा लागतो. राळ अर्धवट भरलेल्या दोन दिव्यांबद्दल विक्रेत्याने बदलून देण्याऐवजी अर्धे पैसे परत केले, तेव्हा आम्ही त्या पैशांत एपॉक्सी, डायोड, रेझिस्टर आणि ट्रॅक्टरचा दिवा, हे सारे घेतले आणि तरीही काही रुपये उरले. चार्जिंगचा जो लाल एलईडी वापराविना राहिला, तो ब्रेक किंवा तेलाच्या दिव्याला बदली म्हणून चालतो का, हे पाहायचे असेल तर आधी काच तपासावी: आमच्या संचात काच फिरवून निघते आणि चिन्ह काचेवरच असते, परंतु त्याच चित्राचे जे दुसरे संच बाजारात आहेत, त्यांत काच कायमची चिकटवलेली असते. घेताना काच निघणाराच संच मागावा.